छापील प्रिस्क्रिप्शनही तपासूनच घ्यावे लागते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या अनेक दवाखान्यांत आता लेटरहेडच्या पॅडची जागा टॅबने किंवा मोठ्या मोबाईलने घेतली आहे. शेजारी मुठीत मावेल एवढा ब्लूटूथ प्रिंटर असतो. डॉक्टर पडद्यावर औषधे निवडतात, बटण दाबतात आणि बिलासारखी लांबट चिठ्ठी बाहेर येते. घरी जाऊन रुग्ण तपासणारे डॉक्टर, सोसायट्यांमधली शिबिरे, पालख्यांच्या मुक्कामात नाना पेठ आणि भवानी पेठेत लागणारी वैद्यकीय मदत केंद्रे अशा ठिकाणी हे साधन फारच उपयोगी आहे. आमच्यापैकी काही जण औषध दुकानाच्या काउंटरवर उभे राहून या चिठ्ठ्या वाचतात आणि काही जण दवाखान्यांतली ही यंत्रे बसवतात, दुरुस्त करतात. हा बदल आम्हाला हवाच आहे. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडायची आहे.

हस्ताक्षर लागले नाही की फार्मासिस्ट थांबतो, रुग्णाला विचारतो, डॉक्टरांना फोन करतो. छापील अक्षर समोर आले की तो थांबत नाही. चुकीचे औषध स्वच्छ अक्षरात छापून आले तर ते तितक्याच सहजपणे रुग्णाच्या पिशवीत जाते. पूर्वी काउंटरवर आपोआप होणारी तपासणी म्हणूनच आता यंत्राच्या मांडणीत आणि चिठ्ठीच्या छपाईत मुद्दाम आणावी लागेल. बहुतेक दवाखाने हे यंत्र घेताना प्रिंटरची किंमत आणि बॅटरी किती तास चालते एवढेच विचारतात.

सुरुवात औषध निवडण्यापासून करू. दोन-तीन अक्षरे टाकली की खाली यादी उघडते आणि बोट एका ओळीने चुकते. इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरे सारखी असलेली कार्बिमाझोल आणि कार्बामाझेपिन ही जोडी पाहा. पहिले थायरॉइडचे औषध, दुसरे फिट्सचे. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम दोन्ही फिट्ससाठी दिली जातात, पण एकाची गोळी 5 किंवा 10 मिलिग्रॅमची असते आणि दुसऱ्याची अनेकदा अर्ध्या मिलिग्रॅमची. किमान पाच अक्षरे टाकल्याशिवाय यादी उघडूच नये, यादीतली प्रत्येक ओळ बोटाच्या रुंदीएवढी उंच असावी आणि अशा जोड्यांमधला वेगळा भाग ठळक दिसावा. आणखी एक सोपा उपाय आहे, तो आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. औषधाच्या नावाखाली ते कशासाठी आहे ते मराठीत छापावे, ‘थायरॉइडसाठी’, ‘फिट्ससाठी’, ‘रक्तदाबासाठी’. थायरॉइडच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘फिट्ससाठी’ आले तर डॉक्टरांच्या आणि आमच्याही आधी ते रुग्णाच्याच लक्षात येईल. ज्या आजाराचे नाव रुग्णाला कागदावर नको असेल तिथे ही ओळ डॉक्टरांना बंद करता यायला हवी.

मात्रेच्या बाबतीत सर्वांत धोकादायक उदाहरण मेथोट्रेक्सेटचे. सांधेवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बहुतेक ॲपमध्ये मात्र कोणतेही औषध निवडले की ‘रोज’ हा पर्याय आधीच भरलेला असतो. डॉक्टरांनी तो बदलला नाही तर चिठ्ठीवर रोजची गोळी छापली जाते, आणि रोज घेतलेले मेथोट्रेक्सेट जिवावर बेतते. या औषधासाठी ‘आठवड्यातून एकदा’ हेच आधी भरलेले असावे, वाराचे नाव निवडल्याशिवाय छपाई होऊ नये आणि चिठ्ठीवर ‘फक्त सोमवारी’ अशी स्वतंत्र ओळ यावी. रोजचा पर्याय खरोखर हवा असेल तर त्याचे कारण भरायला लावावे.

लहान मुलांच्या औषधांत नाव बरोबर असूनही घोळ होतो. पॅरासिटामॉलचे सिरप 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅमचे मिळते, 250 मिलिग्रॅमचेही मिळते आणि ड्रॉप्समध्ये तर 1 मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असतात. दहा किलोच्या मुलाला एका वेळी किलोमागे 15 प्रमाणे 150 मिलिग्रॅम द्यायचे असतील, तर 120 च्या सिरपचे सव्वासहा मिलिलिटर होतात, 250 च्या सिरपचे तीन आणि ड्रॉप्सचे फक्त दीड. चिठ्ठीवर नुसते ‘पॅरासिटामॉल सिरप, 6 मिलिलिटर’ असेल आणि दुकानात 250 चे सिरप हातात पडले तर मात्रा दुप्पट होते. घरात आधीपासून असलेल्या ड्रॉप्समधून आईने तेवढेच दिले तर चौपट. म्हणून मिलिग्रॅममधली मात्रा, बाटलीची ताकद आणि मिलिलिटर या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत छापल्या गेल्या पाहिजेत. मुलाचे वजनही चिठ्ठीवर हवे, म्हणजे काउंटरवर पुन्हा गुणाकार करून पाहता येतो. तसेच ‘मि.ग्रॅ.’ आणि ‘मि.लि.’ ही लघुरूपे वापरू नयेत. बारीक छपाईत ती जवळजवळ सारखी दिसतात.

‘मागचीच चिठ्ठी पुन्हा’ हे बटण डॉक्टरांचा वेळ वाचवते, पण त्याच बटणामुळे पाच दिवसांचे अँटिबायोटिक तीन महिन्यांनी परत छापले जाते आणि मुलाचे गेल्या वर्षीचे वजन यंदाच्या चिठ्ठीवर येते. ठरावीक दिवसांची औषधे मुदत संपली की पुनरावृत्तीतून आपोआप गळावीत आणि वजनाचा रकाना दर वेळी रिकामाच उघडावा. ॲप बनवणाऱ्याला हे काम फार अवघड नाही.

आता छपाईकडे वळतो, कारण याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. हातातले बहुतेक प्रिंटर 58 मिलिमीटर रुंदीच्या थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणाऱ्या, कागदाचे असतात. त्यात प्रत्यक्ष छपाई होते 48 मिलिमीटरवर, म्हणजे इंचामागे 203 ठिपके (डीपीआय) या हिशेबाने एका ओळीत 384 ठिपके. नेहमीच्या आकाराची इंग्रजी अक्षरे धरली तर एका ओळीत 32 अक्षरे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असे जोडनाव 625 या ताकदीसह त्यात बसत नाही. ओळ मोडते, नाव एका ओळीवर राहते, 625 दुसऱ्या ओळीवर जाते आणि घाईत ते 625 खालच्या औषधाचे आहे असे वाचले जाते. 80 मिलिमीटरच्या कागदावर 576 ठिपके म्हणजे 48 अक्षरे मिळतात. प्रिंटर थोडा जड होतो, पण आमचा आग्रह 80 मिलिमीटरचाच आहे. नाव, ताकद आणि एकक यांची फाटाफूट होणार नाही अशी व्यवस्था ॲपमध्ये हवी. एवढ्या अरुंद कागदावर दवाखान्याचा मोठा काळा लोगो टाकू नये. भरीव काळा भाग छापताना बॅटरीवर एकदम ताण येतो, आणि बॅटरी उतरलेली असेल तर लोगोखालची औषधांची ओळ फिकट निघते.

मराठी सूचना छापताना तर प्रिंटरची खरी परीक्षा होते. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे जुळवण्याची सोय नसते. ॲपने मजकूर तसाच पाठवला तर प्रश्नचिन्हे उमटतात, रिकामे चौकोन उमटतात किंवा ‘दिवसातून’मधला ऱ्हस्व इकार ‘द’च्या पुढे जाऊन बसतो आणि ‘रात्री’मधले जोडाक्षर तुटते. उपाय एकच. संपूर्ण चिठ्ठीचे चित्र मोबाईलमध्येच तयार करायचे आणि प्रिंटरला चित्र म्हणून पाठवायचे. मोबाईलमध्ये देवनागरी नीट जुळते, प्रिंटरने फक्त ठिपके उमटवायचे.

चित्र पाठवताना आणखी एक अडचण येते. 58 मिलिमीटरच्या प्रिंटरवर 15 सेंटिमीटर लांबीची चिठ्ठी म्हणजे ठिपक्यांच्या 1200 ओळी, प्रत्येकी 48 बाइट, एकूण 57,600 बाइट. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर काही प्रिंटर एका वेळी 20 बाइटच घेतात. म्हणजे 2,880 तुकडे झाले. ते एका दमात पाठवले की प्रिंटरची आतली जागा भरते, मधले तुकडे गळतात आणि चिठ्ठीची एखादी पट्टी सरकते किंवा नाहीशी होते. ठरावीक तुकड्यांनंतर क्षणभर थांबून पुढचा मजकूर पाठवला की हा त्रास जातो. अक्षराची उंचीही पाहावी. 16 ठिपक्यांच्या उंचीत उकार आणि अनुस्वार शिरोरेषेत किंवा खालच्या ओळीत विरघळतात. सूचना किमान 32 ठिपक्यांच्या, म्हणजे 4 मिलिमीटर उंचीच्या असाव्यात. ज्येष्ठांना तेवढे लागतेच.

चिन्हांचे घोळ याहून वाईट. ‘अर्धी गोळी’ दाखवायला अनेक जण ½ हे चिन्ह वापरतात. मोबाईल ते एका पद्धतीने पाठवतो, प्रिंटर दुसऱ्या पद्धतीने वाचतो आणि कागदावर तक्त्याच्या चौकटीचे तुटके कोपरे उमटतात. मायक्रोग्रॅमच्या म्यू चिन्हाचेही तेच. ते गळून नुसते ‘ग्रॅम’चे अक्षर उरलेले 50 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनच्या चिठ्ठीवर दिसते. पन्नास ग्रॅम थायरॉक्सिन कोणी देणार नाही हे खरे, पण तिथे मिलिग्रॅम असेल असे समजून वाचले तर मात्रा हजारपट होते. ‘अर्धी’ आणि ‘मायक्रोग्रॅम’ हे शब्द पूर्ण छापावेत. दशांश चिन्हाआधी शून्य हवेच, म्हणजे 0.5. नंतरचे निरर्थक शून्य नको. 1.0 मधला ठिपका थर्मल हेडच्या एका निकामी ठिपक्यामुळे उमटला नाही की ते 10 होते. इन्सुलिनसाठी ‘युनिट’ हा शब्द पूर्ण यावा, कारण इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे वाचले जाते. मराठीवरच्या प्रेमापोटी काही जण मात्रेचे आकडेही देवनागरीत ठेवतात. सूचना मराठीत हव्यातच, पण ताकद आणि गोळ्यांची संख्या 1, 2, 3 अशाच आकड्यांत छापावी. काउंटरवरच्या सगळ्यांना देवनागरी आकड्यांचा सराव नसतो आणि देवनागरी ‘१’ त्यांना नऊसारखा दिसतो.

हातातल्या प्रिंटरला कागद कापणारे पाते बहुधा नसते, दातेरी पट्टीवर कागद फाडायचा असतो. छपाईचे हेड आणि ही पट्टी यांत थोडे अंतर असते. ॲपने शेवटी चार-पाच कोऱ्या ओळी सरकवल्या नाहीत तर शेवटचे औषध झाकणाखालीच राहते, चिठ्ठी त्याआधी फाडली जाते आणि ती राहिलेली ओळ पुढच्या रुग्णाच्या चिठ्ठीच्या डोक्यावर निघते. ब्लूटूथ मधेच तुटले तरीही हेच होते. डॉक्टरांना फोन आला, टॅब दुसऱ्या खोलीत गेला, छपाई अर्धवट राहिली, आणि जोडणी परत झाली की आधीच्या रुग्णाचा उरलेला मजकूर आधी बाहेर पडतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक चिठ्ठीच्या सुरुवातीला रुग्णाचे पूर्ण नाव, वय आणि ‘एकूण औषधे : 4’ अशी ओळ असावी, प्रत्येक औषधाला क्रमांक असावा आणि शेवटी ‘चिठ्ठी समाप्त’ व पुन्हा रुग्णाचे नाव यावे. समाप्तीची ओळ नसेल किंवा दोन्ही नावे जुळत नसतील तर फार्मासिस्टने ती चिठ्ठी परत पाठवावी. रुग्णांनीही दवाखान्यातून निघण्यापूर्वी या दोन ओळी पाहाव्यात. तेवढे पाहायला औषधांची माहिती लागत नाही.

कागद टिकण्याचा प्रश्न वेगळाच आहे. थर्मल कागदावर शाई नसते. कागदावरच्या थरात रंग आणि तो उमटवणारा आम्लधर्मी पदार्थ शेजारी शेजारी असतात, उष्णतेने ते मिसळतात आणि तिथे काळे उमटते. म्हणूनच उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत ही चिठ्ठी काळवंडते. हाताला लावलेला अल्कोहोलचा सॅनिटायझर सुकण्याआधी तिला धरले तरीही डाग पडतात. उलट पीव्हीसीच्या पारदर्शक पाउचमध्ये ठेवली तर प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये तिच्यात उतरतात आणि अक्षरे पुसट होतात. वारीत पावसापासून जपायला म्हणून वारकरी चिठ्ठी नेमकी अशाच पिशवीत घालतात. तेलकट हात, सेलोटेप यांचाही असाच परिणाम होतो. आठवड्याभराच्या तापाच्या औषधांना थर्मल चिठ्ठी चालते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, हृदयविकार यांच्या चिठ्ठ्या महिनोन्‌महिने वापरायच्या असतात, त्या साध्या कागदावर लेझर प्रिंटरने छापून द्याव्यात. तेवढी सोय नसेल तर रुग्णाने त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि झेरॉक्सच जपावी. दुकानात दाखवताना मूळ चिठ्ठी सोबत न्यावी. मदत केंद्रात चिठ्ठीबरोबर कागदाचे साधे पाकीट दिले तरी बराच फरक पडेल.

कायद्याची बाजूही पाहू. औषध नियम 1945 मधील नियम 65 नुसार चिठ्ठीवर डॉक्टरांची नेहमीची सही, तारीख, रुग्णाचे नाव आणि पत्ता, औषधाची एकूण संख्या आणि मात्रा असावी लागते. एकूण संख्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत बहुधा नसतेच. यंत्राला मात्र ‘1-0-1, 5 दिवस’ यावरून 10 गोळ्या हा हिशेब सहज करता येतो. तो छापावा आणि अक्षरीही ‘दहा’ असे लिहावे, म्हणजे पेनने शून्य वाढवता येत नाही. तत्कालीन मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही चिठ्ठीवर हवा. ॲपमध्ये ब्रँड निवडला तरी वर जेनेरिक नाव आणि खाली ब्रँड असे दोन्ही छापणे योग्य.

सहीबद्दल आमचे मत ठाम आहे. सहीचे चित्र साठवून प्रत्येक चिठ्ठीवर आपोआप छापणे बंद व्हावे. टॅब उघडा राहिला तर त्या सहीने कोणीही चिठ्ठी काढू शकतो. आधारवरून केलेली डिजिटल सही पडद्यावरच्या फाइलपुरती पडताळता येते, कागदावर छापली की तिचे चित्रच उरते. डॉक्टरांनी छापलेली चिठ्ठी वाचावी आणि बॉलपेनने सही करावी. जेलची शाई या गुळगुळीत कागदावर फिसकटते. सही करताना होणारे ते दहा सेकंदांचे वाचन हीच चुकीचे औषध पकडण्याची शेवटची संधी असते, त्यामुळे ते दहा सेकंद वाचवण्यात काही मिळवणे नाही. प्रत्येक डॉक्टरचा पिन वेगळा असावा आणि टॅब दोन मिनिटांत आपोआप बंद व्हावा.

याला जोडूनच ‘पुन्हा छापा’ या बटणाचा प्रश्न येतो. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही सवय लागू शकणारी औषधे 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-1 परिशिष्टात, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहेत. त्यांची विक्री दुकानदाराला वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. यंत्रातून मूळ चिठ्ठी कितीही वेळा छापता येत असेल तर एकाच दिवशी चार दुकानांतून चार वेळा गोळ्या घेता येतात आणि चारही नोंदी कागदोपत्री बरोबर ठरतात. दुसऱ्या छपाईवर ‘दुसरी प्रत’ आणि वेळ ठळक यायलाच हवी. दुकानदारानेही औषध दिल्यावर नियमाप्रमाणे सहीच्या वर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख टाकावी. त्यासाठी चिठ्ठीवर दोन बोटे कोरी जागा सोडलेली असावी, ती आज कुठल्याच छोट्या चिठ्ठीवर नसते. त्याहून कडक नियंत्रणाच्या एक्स परिशिष्टातील औषधांच्या चिठ्ठ्या दोन प्रतींत लागतात आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते. त्यांच्यासाठी थर्मल कागद वापरूच नये.

यंत्राची देखभाल फारशी नाही. छपाईत उभी पांढरी रेघ दिसू लागली की प्रिंटर बंद करून थंड होऊ द्यावा आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे. कोरा कागद बाहेर आला तर रोल उलटा बसला असण्याची शक्यता जास्त. नखाने ओरखडा काढून पाहावा, ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती बाजू हेडकडे हवी. 12 मीटरच्या रोलवर 20 सेंटिमीटरच्या 60 चिठ्ठ्या निघतात, तेव्हा गर्दीच्या ओपीडीत दुसरा रोल आणि जुने लेटरहेडचे पॅड जवळ ठेवावे. नेट नसताना चिठ्ठी छापता आलीच पाहिजे. जुन्या वाड्यांत आणि इमारतींच्या तळघरांतल्या दवाखान्यांत रेंज जाते.

दवाखान्यांनी आणि शिबिरांसाठी यंत्रे घेणाऱ्या संस्थांनी पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून एक नमुना चिठ्ठी समोर छापून घ्यावी. तिच्यात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम रिकाम्या पोटी, दहा किलोच्या मुलाचे पॅरासिटामॉल सिरप, एखाद्या औषधाची अर्धी गोळी रात्री आणि एक लांबलचक जोडनाव असावे. छपाई चालू असताना मुद्दाम ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करावे आणि लगेच दुसऱ्या नावाची चिठ्ठी काढावी. मग दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांना न दाखवता जवळच्या फार्मासिस्टला मोठ्याने वाचायला द्याव्यात. त्यांतली एक प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घालून पंधरा दिवस खिडकीत ठेवावी आणि ऑर्डर त्यानंतरच द्यावी.

आपले,
पुण्यातील काही फार्मासिस्ट व दवाखान्यांची संगणक व्यवस्था पाहणारे तंत्रज्ञ
नारायण पेठ, पुणे